मुकुट उतरला, मोर राहिले

कराडहून टेम्पो आला तो रविवारी दुपारी दोनला, म्हणजे सगळी सोसायटी वामकुक्षीला पडलेली असताना. पलंगाची उशाची फळी बघून वॉचमन म्हणाला, "मॅडम, हे लिफ्टमध्ये जायचं नाही." नाहीच गेलं. चार हमाल, तीन जिने आणि प्रत्येक वळणावर सासूबाईंचा आवाज, "मोर सांभाळा रे, मोर!"

मोर दोन आहेत. समोरासमोर तोंड करून बसलेले, दोघांच्या मधे कलश, कलशाच्या दोन्ही अंगांनी निघालेली द्राक्षवेल आणि या सगळ्याच्या डोक्यावर मुकुट. मुकुट हा आमच्या घरातला शब्द. फळीच्या वर आणखी नऊ इंच चढलेली कोरीव कमान, मधोमध कमळ, टोकांना दोन कळस. १९८८ साली सासऱ्यांनी अंगणात सुतार बसवून हे करून घेतलं. लाकूड वखारीतून आणलं, वखारवाल्याने 'अस्सल बल्लारशाचं सागवान' म्हणून शपथ घेतली होती, सुतार दीड महिना होता, नक्षीवाला वेगळा आला होता आणि त्याचे पैसेही वेगळे. लग्न झाल्यापासून ही कथा मी वर्षातून एकदा तरी ऐकते.

कराडचं घर रिकामं केलं आणि आई कायमच्या पुण्याला आमच्याकडे आल्या. त्यांच्याबरोबर पलंग, ड्रेसिंग टेबल आणि एक स्टूल. खोली दहा बाय अकराची, पलंग सहा बाय सव्वासहाचा. पलंग लावला आणि खोली संपली. गडद तांबडं, चकाकणारं पॉलिश, फळीच्या खालच्या अर्ध्या भागात मरून रंगाचं रेक्झिन, त्यावर दाबून बसवलेली बटणं. नवरा म्हणाला, "इथे पडलं की आपण कुठल्यातरी संस्थानाचे दत्तक वारस आहोत असं वाटतं." आई हसल्या नाहीत.

एका सुताराला बोलावलं. त्याने पलंगाभोवती एक फेरी मारली आणि म्हणाला, "नक्षी तासून टाकू, वरून सनमायका मारू. एकदम नवीन." मी त्याला चहा दिला आणि वाटेला लावलं. जुनं फर्निचर घेणाऱ्याने सांगितलेला भाव ऐकून त्याला चहासुद्धा विचारला नाही.

मग एक गंमत केली. मोबाइलवर पलंगाचा फोटो काढला आणि तो कृष्णधवल करून बघितला. पलंग देखणा दिसत होता! मोर सुरेख, वेल सुरेख. म्हणजे नक्षीचा काही गुन्हा नव्हता. डोळ्यांना बोचत होता तो लाल रंग, ती काचेसारखी चकाकी, ते रेक्झिन आणि तो मुकुट. तुमच्याकडे असं काही अवजड असेल तर आधी हे करून बघा. फुकट आहे, आणि मला त्याने निम्मं काम आणि सगळा पश्चात्ताप वाचवला.

मी व्यवसायाने अकाउंटंट. हातात पटाशी कधी धरलेली नाही. हे सगळं शनिवार-रविवारी, गॅलरीत वर्तमानपत्रं अंथरून, श्रावणात सुरुवात करून मधे तोंडघशी पडून नोव्हेंबर-डिसेंबरात पुरं केलं.

पहिलं काम धुणं. सदतीस वर्षांचं खोबरेल तेल, उदबत्तीची काजळी आणि दर दिवाळीला वरून चोपडलेलं कसलंकसलं बाटलीतलं पॉलिश. कोमट पाण्यात भांडी घासायचं लिक्विड दोन थेंब, घट्ट पिळलेलं फडकं, नक्षीत जुना टूथब्रश, आणि लगेच कोरड्या फडक्याने पुसणं. लाकडाला आंघोळ घालायची नाही. सुकल्यावर टर्पेंटाइनचा एक हात. फडकी काळी-पिवळी झाली. फळीच्या उजव्या बाजूला मात्र एक लांबट गोल डाग काही केल्या हलेना. सासरे पेपर वाचताना तिथेच डोकं टेकायचे. मी आईंना भीत भीत विचारलं, राहू दे का हा? त्या म्हणाल्या, "काढ गं तो. मी जन्मभर सांगत होते त्यांना, मागे टॉवेल घ्या म्हणून."

आता मुद्द्याचं. जुन्या लाकडावर काहीही करण्याआधी वर कसलं पॉलिश आहे ते कळायला हवं, आणि ते कळायला पाच मिनिटं पुरतात. पलंगाच्या पायाच्या मागच्या बाजूला, जिथे कुणी बघत नाही तिथे, पॉलिशच्या स्पिरिटमध्ये भिजवलेला कापूस मिनिटभर दाबून धरला. कापूस चिकटला आणि तांबडा झाला. म्हणजे चपडा, सुताराने हाताने मारलेलं लाखेचं पॉलिश. तोच प्रयोग ड्रेसिंग टेबलवर केला तर काहीच झालं नाही. थिनरने करून बघितला, तरी ढिम्म. तेव्हा आईंना आठवलं की ड्रेसिंग टेबलला मधे एकदा कुणीतरी घरी येऊन मशीनने पॉलिश मारून गेलं होतं. ते मेलामाइन. ते स्पिरिट-थिनरमध्ये विरघळत नाही, घासून काढावं लागतं.

चपडा निघाला याचा मला झालेला आनंद घरात कुणाला कळला नाही. चपडा स्पिरिटमध्ये विरघळतो, याचा अर्थ मोरांवर पॉलिश पेपर घासायची गरज नाही. नक्षीवर पेपर फिरवला की सगळ्या धारा बोथट होतात, पिसांचे डोळे पुसट होतात, आणि एकदा गेलेली धार परत येत नाही. म्हणून नुसतं स्पिरिट, जुने टूथब्रश आणि सुती चिंध्या. एका वेळी हातभर भाग घ्यायचा, ओला करायचा, दोन-तीन मिनिटं थांबायचं, मऊ झालं की ब्रशने ढवळून पुसून घ्यायचं. फडकं फिरवत राहायचं, नाहीतर तोच चिकटा परत आत बसतो. पलंगाच्या कातीव पायांच्या खाचांसाठी सुतळी. स्पिरिटमध्ये भिजवलेली सुतळी खाचेत गुंडाळून दोन्ही टोकं ताक घुसळल्यासारखी ओढायची. ही युक्ती मला आईंनी दिली. त्या गॅलरीच्या दारात खुर्ची टाकून बसायच्या आणि देखरेख करायच्या. दुसऱ्या शनिवारी त्यांनी माझ्या हातातली सुतळी काढून घेतली.

भांडण एकाच गोष्टीवरून झालं. स्पिरिट पेट घेतं, आणि त्याची वाफही. संध्याकाळी सात म्हणजे आईंची सांजवात, आणि देवघर त्याच खोलीच्या भिंतीला लागून. मी म्हणायचे, आजच्या दिवस इलेक्ट्रिकचा दिवा लावा. त्या म्हणायच्या, आजच्या दिवस तुझं काम सहाला बंद कर. सहाला बंद झालं. बाटली, चिंध्या सगळं बाहेर, खिडक्या उघड्या, मग दिवा. हातमोजे मात्र मी शेवटपर्यंत सोडले नाहीत, आणि हेही सांगते की त्या वासाने डोकं चढतं, बंद खोलीत हे काम करूच नका.

चपड्याखालून जे निघालं ते बघून मी थोडा वेळ गप्प बसले. तांबडा रंग लाकडाचा नव्हताच. पॉलिशमध्ये मिसळलेला होता. त्या काळी सगळ्यांना लाकूड शिसवीसारखं दिसायला हवं असायचं बहुतेक. खाली मधासारखं, तपकिरी रेषांचं सागवान होतं. सपाट भागांवर मी १५० आणि मग २२० नंबरचा पेपर फिरवला, रेषांच्या दिशेने, हलक्या हाताने. त्या भुश्याचा वास घरभर गेला. सागाचा वास, थोडा चामड्यासारखा, तेलकट. आई आतून आल्या. "सुतार बसला होता तेव्हा असाच वास होता अंगणात," म्हणाल्या आणि परत आत गेल्या.

मुकुटाचं काय करायचं यावर मी पंधरा दिवस घरात तोंड उघडलं नाही. तो कापणं सोपं होतं. पण मागून चाचपडताना लांबी, म्हणजे भोकं बुजवायची पुट्टी, भरलेले चार गोल ठिपके हाताला लागले. खरवडले तर आत स्क्रू. म्हणजे सुतारानेच तो वेगळा करून वरून बसवलेला! स्क्रू गंजून गच्च बसले होते. त्यावर उपाय म्हणजे सोल्डरिंग आयर्नचं टोक स्क्रूच्या डोक्यावर दोन-तीन मिनिटं टेकवायचं, गार होऊ द्यायचं, मग फिरवायचं. गरम होऊन फुगलेला स्क्रू गार होताना आवळतो आणि गंजाची पकड सुटते. अर्थात हे स्पिरिटच्या दिवशी नाही. तीन निघाले, चौथ्याला शेजाऱ्यांचा मुलगा आणि त्याचा पाना लागला.

आईंना मी आधी विचारलं होतं. त्यांनी एवढंच विचारलं, "परत लावता येईल?"

"येईल. चारच स्क्रू आहेत."

"मग काढ."

रेक्झिन काढताना आतल्या फोमची अक्षरशः पिठी झाली, तोंडाला मास्क बांधून भरली. तिथे काय लावायचं? सध्या सगळीकडे वेताची जाळी दिसते. मलाही मोह झाला, पण ती जाळी पाठ टेकायच्या जागी बसवली की उशांच्या अभ्र्यांचे धागे निघतात, आणि पाच वर्षांनी आपली सूनही तिला बघून हसेल ही शंका येते. मी सहा मिलिमीटर प्लायची फळी त्या चौकटीपेक्षा किंचित लहान कापून घेतली, म्हणजे कापडाच्या जाडीला जागा राहते, वर एक इंची नवा फोम आणि त्यावर मोतिया रंगाचं जाड हातमागाचं कापड. कापड ताणताना आधी चारही बाजूंच्या मधोमध एकेक पिन, मग तिथून कोपऱ्यांकडे. एका बाजूने सुरू करून शेवटापर्यंत गेलात तर कापड हमखास तिरकं होतं. माझं झालं. उसवलं, परत केलं. बटणं नाहीत.

आता श्रावणातली फजिती. पलंगाआधी सराव म्हणून मी स्टुलावर चपडा मारून बघितला होता. बाहेर धो धो पाऊस. अर्ध्या तासात पॉलिशवर बुरशी आल्यासारखा पांढुरका थर. हवेतली ओल त्या पातळ थरात अडकते. स्पिरिटचं फडकं फिरवलं की तो जातो, आणि पुन्हा मारलं की पुन्हा येतो. तेव्हा गुमान दिवाळीपर्यंत थांबले. पावसाळ्यात धुवा, घासा, स्क्रू काढा, काय हवं ते करा, पण चपडा लावायचा कोरड्या हवेत.

स्टुलाची आणखी एक गोष्ट. वरच्या फळीवर चपडा होता, पण पायांना सासऱ्यांनी कधीतरी नव्वदच्या दशकात पिवळट ऑइल पेंट मारलेला. इथे मी पेपर कोरडा फिरवला नाही. आपल्याकडे घरगुती रंगातल्या शिशाची मर्यादा दशलक्ष भागांत ९० भाग अशी कायद्याने बांधली गेली ती १ नोव्हेंबर २०१७ पासून. त्याआधीच्या ऑइल पेंटमध्ये शिसं भरपूर असू शकतं, आणि कोरडं घासलं की ती धूळ घरभर, माझी नऊ वर्षांची लेक खेळते तिथे. म्हणून पाण्याचा पेपर, ओला करून, नुसती चकाकी जाईपर्यंत. पुसायची फडकी टाकून दिली आणि वरून नवा रंग दिला. जुना रंग खरवडून काढायच्या फंदात पडले नाही.

पलंगाला मी परत चपडा न मारता जवसाचं तेल लावलं, कारण मला चकाकी नकोच होती. हार्डवेअरवाल्याकडे डबल बॉइल्ड म्हणून मिळतं. थोड्या टर्पेंटाइनमध्ये पातळ करून फडक्याने लावायचं, वीस मिनिटांनी जे लाकडाने प्यायलं नाही ते सगळं पुसून घ्यायचं, दोन दिवस वाळू द्यायचं, परत एक हात. पुसायला आळस केला तर महिनाभर चिकट राहतं. आणि या तेलाच्या चिंध्या बोळा करून कचऱ्याच्या डब्यात टाकू नका. जवसाचं तेल वाळताना गरम होतं आणि बोळ्यात ती उष्णता अडकून चिंधी आपोआप पेटू शकते. मी त्या दोरीवर एकेक पसरून वाळवल्या. आमच्या कामवाल्या मावशींना वाटलं, मॅडमनी आता धुणंही स्वतः सुरू केलं.

ड्रेसिंग टेबलच्या बाबतीत मी एकदम वेगळा निर्णय घेतला. ते सगळं सागवान नाही. खांब आणि पट्ट्या सागाच्या, बाकी प्लाय, वर सागाचा विनिअर, म्हणजे लाकडाचा पातळ पापुद्रा, आणि माथ्यावर संगमरवराची नक्कल करणारा सनमायका. लाकूड आहे तिथे लाकूड दिसू द्यावं, प्लाय आहे तिथे रंग द्यायला मन खाऊ नये, असं माझं मत. सनमायका इस्त्रीने काढला. वर फडकं टाकून इस्त्री फिरवायची, खालचं चिकटवण मऊ होतं, लांबी भरायची पातळ पट्टी कडेने सरकवत न्यायची. मेलामाइन १८० नंबरच्या पेपरने मंद केलं, पाण्यातला पांढरा प्रायमर मारला, झोपले. सकाळी उठून बघते तर प्रायमरवर कुणीतरी चहा सांडल्यासारखे पिवळे-तपकिरी ओघळ! दुसरा हात मारला. दुपारपर्यंत चहा परत.

रविवार पेठेत बोहरी आळीतल्या एका दुकानदार काकांना फोटो दाखवला. त्यांनी चष्मा वर केला आणि म्हणाले, "ताई, साग रडतोय. त्याला आधी चपडा पाजा." सागातली रंगद्रव्यं पाण्यात विरघळतात आणि पाण्याच्या रंगातून वर येतात. चपडा त्यांना अडवतो. जो चपडा मी दोन महिने खरवडून काढत होते तोच विकत घेऊन आले. पाऊणशे ग्रॅम चपडा, अर्धा लिटर स्पिरिट, काचेच्या बरणीत रात्रभर, मधूनमधून हलवून. धातूच्या भांड्यात करायचा नाही, काळा पडतो. दोन दिवस हलवायचं थांबलं की मेण खाली बसतं. वरचं स्वच्छ पाणी हळूच ओतून घ्यायचं, कारण त्या मेणावर पुढचा रंग नीट धरत नाही. दोन पातळ हात, मधे तासभर. मग परत प्रायमर. साग गप्प झाला. लोणच्याची ती बरणी मात्र कायमची गेली, आणि त्यावरून मी अजून ऐकते.

वरचा रंग करडा-हिरवा, सुकलेल्या तमालपत्रासारखा, पाण्यातला सॅटिन इनॅमल. सपाट भागाला चार इंची फोमचा रोलर, पट्ट्यांना ब्रश, तीन पातळ हात. हाताला कोरडा लागतो चार तासांत, पण आतून कडक व्हायला दोन आठवडे तरी द्या. मी आईंना तसं सांगितलं होतं. तिसऱ्या दिवशी तेलाची बाटली टेबलावर, आणि बाटलीखाली गोल ठसा. आता तिथे पाच मिलिमीटरची काच आहे, ठसा काचेखाली.

कड्यांबद्दल थोडंसं. फुलपाखराच्या आकाराच्या आठ 'पितळी' कड्या होत्या. लोहचुंबक लावलं, टक्कन चिकटलं. लोखंडावर मुलामा. चावीच्या भोकाभोवतीच्या दोन पट्ट्या तेवढ्या खऱ्या पितळेच्या निघाल्या. चिंच-मिठाने घासून त्या परत लावल्या. नव्या मुठी घेताना मी उत्साहाने दोन भोकांच्या, ९६ मिलिमीटर अंतराच्या घेऊन आले. जुनी भोकं तीन इंचांवर, म्हणजे ७६. परत बोहरी आळी. शेवटी एकाच स्क्रूच्या साध्या लाकडी गोल मुठी घेतल्या आणि जुनी भोकं बांबूच्या काड्या, फेविकॉल आणि सागाचा भुसा यांनी बुजवली. हे अर्थातच रंगाच्या आधी करायचं असतं. मी नंतर केलं, म्हणून डावीकडच्या तिसऱ्या खणावर नीट बघितलं तर दोन ठिपके दिसतात. बघू नका.

सगळं मिळून खर्च सात हजारांच्या आत, बरणी धरून.

डिसेंबरात एका शनिवारी पलंग पुन्हा जोडला. मुकुट नसल्यामुळे फळी आता खिडकीच्या खाली बसते आणि सकाळचं ऊन थेट मोरांवर येतं. त्या उन्हात दिसलं की डाव्या मोराची चोच तुटलेली आहे. इतकी वर्षं त्या लाल चकाकीत कुणालाच कळलं नव्हतं. मी हमालांना शिव्या घालणार तेवढ्यात आई उठल्या, आपल्या ट्रंकेतून सुपारीची डबी घेऊन आल्या आणि उघडून माझ्यापुढे धरली. आत कापसात गुंडाळलेली चोच, अजून जुन्या लाल पॉलिशमध्ये.

"हे काय? कधी तुटली?"

"तुझा नवरा चार वर्षांचा होता. पलंगावर उड्या मारत होता."

मी फेविकॉल आणायला उठले तर म्हणाल्या, "थांब. आधी तिचा रंग काढ ना. वेगळी दिसेल." आणि स्वतःच टूथब्रश शोधायला गॅलरीत गेल्या.

मुकुट जुन्या नऊवारीत गुंडाळून माळ्यावर ठेवलाय. त्याचे चार स्क्रू आता सुपारीच्या डबीत आहेत.